मधल्या ताकदीची फटफटी

गेल्या हंगामात कारखान्याचे उसाचे बिल निघाले, त्याच आठवड्यातली ही गोष्ट. तास संपवून मी कॉलेजातल्या खोलीत बसलो होतो. दारात एक माउली आली. मागे तिचा मुलगा, आमच्याच दुसऱ्या वर्षाच्या वर्गातला, मान खाली घालून उभा. बाईंनी पदर सावरला आणि सरळ विषयाला हात घातला. "सर, ह्याला ती वाकून चालवायची फटफटी पायजे. बिलाचं पैसं आल्यात. मागल्या साली तुमचा हात गळ्यात हुता, ते मी बघितलंय. तरीबी तुम्ही तसलीच गाडी फिरवताय. मग खरं सांगा, ती गाडी वाईट हाय का?"

वाचकहो, मी गणिताचा मास्तर. वर्गात कसलाही प्रश्न आला तर फळ्याकडे वळून वेळ काढता येतो. इथे फळा नव्हता. "वाईट नाही" म्हणावे तर मुलगा त्याच दिवशी दुकानात जाऊन उभा राहिला असता. "वाईट आहे" म्हणावे तर माझी स्वतःची गाडी बाहेर चिंचेखाली उभी होती. मी त्यांना म्हणालो, "रविवारी मुलाला घेऊन शाळेच्या मैदानावर या. उत्तर तिथे देतो." त्या रविवारी जे सांगितले, आणि जे त्या दिवशी सांगायचे राहिले, ते सगळे आज तुमच्यापुढे मांडतो. शिक्षकांनी विशेष लक्ष द्यावे, कारण अशी गाडी मागणारी मुले आधी तुमच्याच वर्गांतून गेलेली असतात.

प्रथम ही गाडी कोणती ते ठरवू. युरोप-अमेरिकेत मधल्या ताकदीची गाडी म्हटली की सहाशे-सातशे सी.सी.ची समजतात, कारण तिकडे हजार सी.सी.च्या गाड्याही रस्त्यावर असतात. आपल्या गावोगावी दिसते ती शंभर ते दीडशे सी.सी.ची. म्हणून आपल्या हिशेबाने तीनशेपासून साडेसहाशेपर्यंतची गाडी मधली. तिच्यातही जिचे हँडल खाली, पाय ठेवायचे दांडे मागे, आणि चालवणारा टाकीवर ओणवा होतो, ती 'स्पोर्ट' जातीची. अंग चोरून वाऱ्याला वाट करून द्यायची, असा तिचा बेत असतो.

आता हे 'सी.सी.' म्हणजे काय? घन सेंटिमीटर. इंजिनाच्या नळकांड्यात, म्हणजे सिलिंडरमध्ये, दट्ट्या खालीवर धावतो. एका धावेत तो जेवढी जागा मोकळी करतो, तेवढे त्याचे सी.सी. आठवीच्या पुस्तकातले वृत्तचितीचे सूत्र इथे उपयोगी पडते. केटीएम कंपनीची '३९०' नावाची गाडी घ्या. तिच्या पहिल्या इंजिनात सिलिंडरचा व्यास ८९ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ६० मिलिमीटर. त्रिज्या झाली ४.४५ सेंटिमीटर, तिचा वर्ग १९.८, त्याला ३.१४ ने गुणले की ६२.२, आणि ६ सेंटिमीटर धावेने गुणले की ३७३. म्हणजे नावात ३९०, पण पोटात ३७३! मुलांना हे उदाहरण घालून पाहा. वृत्तचितीवर कधी नव्हे ती झुंबड उडते.

ताकदवान फटफटी आपल्याकडे काही आज आली नाही. मद्रासला १९५५ साली एन्फील्ड इंडिया कंपनी निघाली आणि ३४६ सी.सी.ची बुलेट आपल्या रस्त्यांवर दिसू लागली. तिचे शरीर दांडगे, पण ताकद अठरा अश्वशक्तीच्या आसपास. ती पळण्यापेक्षा ओढण्यात तरबेज. पुढे १९८३ मध्ये एस्कॉर्ट्स कंपनीने यामाहाच्या तंत्राने 'राजदूत ३५०' आणली. ३४७ सी.सी., दोन सिलिंडर, आणि ताकद तीस अश्वशक्तीच्या घरात. त्या काळातल्या तरुणांना तिने वेड लावले. पण मूळच्या जपानी गाडीला पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक होता, तो आपल्या गाडीला मिळाला नाही. दोन्ही चाकांना ड्रमचेच ब्रेक राहिले. पळण्याची ताकद वाढली आणि थांबण्याची तिच्या जोडीने वाढली नाही. तेलही ती फार प्यायची. ते दशक संपता संपता गाडी बनायची थांबली. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचा उपयोग आहे.

तुलनेसाठी मी तीन गाड्या घेतो. तिन्ही मी चालवल्या आहेत. पहिली माझ्या मालकीची, बाकीच्या दोन मित्रांच्या. पहिली रॉयल एन्फील्डची 'कॉन्टिनेंटल जीटी ६५०'. ही २०१८ च्या नोव्हेंबरात बाजारात आली. ६४८ सी.सी., दोन सिलिंडर. दुसरी केटीएमची 'आरसी ३९०'. कंपनी मूळची ऑस्ट्रियातली. पण २००७ मध्ये बजाज ऑटोने तिच्यात भांडवल घातले, आणि तिच्या या गाड्या आपल्या पुण्याजवळच्या चाकणला बनू लागल्या. ३९० ड्यूक २०१३ मध्ये आली, आणि तेच इंजिन घेऊन ओणवी आरसी २०१४ मध्ये. हिला सिलिंडर एकच. तिसरी कावासाकीची 'निन्जा ३००', आपल्याकडे २०१३ पासूनची, २९६ सी.सी., पण सिलिंडर मात्र दोन, लहान लहान.

आता ताकद पाहा. जीटीची सुमारे साडेसत्तेचाळीस अश्वशक्ती, आरसीची साडेत्रेचाळीस, निन्जाची एकोणचाळीस. म्हणजे तिघी एकाच पंगतीत बसतील अशा. घरच्या शंभर सी.सी.च्या गाडीची ताकद साधारण आठ, हे शेजारी लिहून ठेवा. कागदावर पाहिले तर तिघींत फारसे अंतर नाही. चौकातल्या मुलांचा वाद याच आकड्यांवर रंगतो. पण प्रत्यक्ष बसून पाहाल तर तिघींचे स्वभाव तीन वाटांचे. हे कसे काय?

उत्तर एका शब्दात आहे: पीळ. इंग्रजीत त्याला टॉर्क म्हणतात आणि मेकॅनिकही तोच शब्द वापरतो. नट घट्ट बसला असला की आपण लांब दांड्याचा पाना घेतो. जोर तेवढाच, पण पीळ वाढतो. आता कल्पना करा, एक मीटर लांबीचा पाना आडवा धरला आहे आणि त्याच्या टोकाला वजन टांगले आहे. जीटीच्या इंजिनाचा जास्तीत जास्त पीळ ५२ न्यूटन-मीटर, म्हणजे टोकाला सव्वापाच किलो गहू टांगल्यासारखा. आरसीचा ३७, म्हणजे पावणेचार किलो. निन्जाचा २७, म्हणजे पावणेतीन किलो. पाहिलेत? अश्वशक्तीत शेजारी शेजारी, आणि पिळात जवळजवळ दुपटीचा फरक.

मग कमी पिळाची निन्जा ताकदीत बरोबरीला येते कशी? फेऱ्यांनी! खळ्यावरून धान्य घरात न्यायचे आहे असे धरा. एक गडी मोठी पाटी घेऊन सावकाश खेपा करतो. दुसरा लहान पाटी घेऊन धावत खेपा करतो. संध्याकाळी दोघांच्या राशी जवळजवळ सारख्या भरतात. जीटी हा पहिला गडी: तिचा पुरा पीळ मिनिटाला ५,२५० फेऱ्यांनाच हाती येतो. निन्जा हा दुसरा: तिचा पुरा पीळ दहा हजार फेऱ्यांना, आणि पुरी ताकद अकरा हजारांना. आरसी मधली: पीळ सात हजारांना, ताकद नऊ हजारांना. अश्वशक्तीचा आकडा म्हणजे संध्याकाळची रास. ती रास मोठ्या पाटीने भरली की धावत भरली, हे तो आकडा सांगत नाही. आणि चालवणाऱ्याच्या मनगटाला तर तेवढेच कळायला हवे असते.

आमच्या कराडहून पाटण, कोयनानगर, हेळवाक करत चिपळूणकडे उतरणारा कुंभार्ली घाट तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्याच रस्त्यावर मी तिन्ही गाड्या चालवल्या. चढावर मालमोटारीच्या मागे अडकलो, पुढे रस्ता मोकळा दिसला, आणि निघायचे आहे. जीटीवर गिअर बदलायची घाई नाही. मूठ थोडी पिळली की ती तशीच, जोडीतल्या जुन्या बैलासारखी, खांदा देऊन ओढत नेते. आरसीवर आधी एक-दोन गिअर खाली यावे लागते; फेऱ्या पाच हजारांच्या वर गेल्या की मात्र शर्यतीच्या खोंडासारखी उसळते. वजनाने ती सुमारे १७२ किलो, आणि जीटी दोनशे दहाच्या पुढे. त्यामुळे वळणात आरसीला मनात आणताच झुकवता येते. जीटीला थोडे आधी सांगावे लागते. निन्जा सहा हजारांपर्यंत इतकी सौम्य की नवख्याला वाटावे, यात काय मोठे? पण पुढे तिचा आवाज बदलतो आणि चालही बदलते. नवख्याची फसगत होते ती इथे.

उलट पाटणच्या बाजारातून जाताना चित्र पालटते. माणसे, हातगाड्या, आडवी आलेली म्हैस. इथे मोठ्या एका सिलिंडरची गाडी कमी वेगाला गचके देते आणि क्लचवरची बोटे दुखू लागतात. दोन सिलिंडरांच्या गाड्या इथे समंजस. ओणवे बसल्याने शरीराचा भार मनगटांवर येतो, तो वेग असला की वारा थोडा उचलतो. बाजारात वारा नाही, मग सगळा भार मनगटांवरच. आणि इंजिनाची उष्णता मांड्यांना लागते ती वेगळीच. आमच्या घरून या गाडीवर एकच अभिप्राय आला. मागच्या सीटवर पाच किलोमीटर बसल्यावर सौ. म्हणाली, "ही गाडी एकट्याची दिसते. दुसऱ्याला नुसती ठेवून घेते." अशी गाडी घेणाऱ्याने घरातल्या माणसाला एकदा मागे बसवून मगच पैसे मोजावेत.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. तो पळण्याचा नाही, थांबण्याचा आहे. त्या रविवारी मैदानावर मी हेच दाखवले, आणि तुम्हीही दाखवू शकता. साहित्य: एक टेप, थोडा चुना, आणि एक सूत्र.

गाडी थांबायला दोन तुकडे लागतात. पहिला तुकडा डोळ्याने अडथळा पाहिल्यापासून हात ब्रेकवर आवळेपर्यंतचा. तो साधारण एक सेकंदाचा धरा. तेवढ्या वेळात गाडी पूर्वीच्याच वेगाने जात असते. दुसरा तुकडा ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचा, आणि तो वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट केला की हा तुकडा चौपट, तिप्पट केला की नऊपट. चांगला कोरडा रस्ता, चांगले टायर, सराईत हात असे धरून हिशेब केला तर ताशी ४० किलोमीटरला दोन्ही तुकडे मिळून २० मीटर होतात. ताशी ८० ला सुमारे ५७ मीटर. ताशी १२० ला ११३ मीटर. क्रिकेटची खेळपट्टी २० मीटर. म्हणजे चाळीसला एक खेळपट्टी, ऐंशीला जवळजवळ तीन, आणि एकशेवीसला साडेपाच!

गाडी पळवायची गरजच नाही. आम्ही नुसत्या रेघा आखल्या. पहिल्या रेघेपाशी माउली उभी. मुलगा टेप घेऊन चालत निघाला. वीस मीटरवर चुन्याची रेघ. सत्तावन्नावर दुसरी. तिसऱ्या रेघेसाठी तो पार कुंपणापर्यंत गेला आणि तिथून त्याने हात केला. माणूस केवढासा दिसत होता! बाईंनी डोळ्यांवर हात धरून पाहिले आणि म्हणाल्या, "एवढ्या लांब जाऊन थांबणार व्हय ती?" मी "होय" म्हणालो. मुलगा परत येईपर्यंत कोणी काही बोलले नाही. मी वर्गात हे सूत्र वीस वर्षे शिकवले आहे. एवढे कोणालाच समजल्याचे मला आठवत नाही.

रात्रीचा विचार यात धरलेला नाही. माझ्या गाडीचा दिवा खाली केला की चाळीस-पन्नास मीटरांपलीकडचे मला नीट दिसत नाही. म्हणजे रात्री ऐंशीने जाताना मी जे दिसत नाही त्याच्यावर भरवसा ठेवून चाललेला असतो. समोर दिवा नसलेली उसाची बैलगाडी असली, तर ती दिसेल तेव्हा उशीर झालेला असेल.

वळणाचेही असेच गणित आहे. वळणात गाडी झुकवावी लागते, आणि किती झुकवायची ते वेग आणि वळणाची त्रिज्या ठरवतात. घाटातले तीस मीटर त्रिज्येचे वळण घ्या. ताशी ४० ने ते घ्यायला गाडी सुमारे २३ अंश झुकते. ताशी ६० ने ४३ अंश! वेग दीडपट, पण टायरवर पडणारी ओढ सव्वादोनपट. स्वच्छ कोरड्या रस्त्यावरही साधे टायर इथे हात टेकायला येतात. वर खडी, ओल किंवा डिझेल सांडलेले असले तर संपलेच.

आता माझा हात गळ्यात का आला ते सांगतो, कारण त्यात लपवण्यासारखे काही नाही आणि शिकण्यासारखे पुष्कळ आहे. गाडी घेऊन मला जेमतेम महिना झाला होता. डिसेंबरची सकाळ, दव पडलेले. शेतातून उसाची ट्रॉली रस्त्यावर चढली होती आणि तिच्या चाकांची चिखलाची दोन फरफाटे वळणातच पसरलेली. माझा वेग चाळीसच्या आसपास. म्हणजे फार नव्हताच. पण मी झुकलेला होतो, चिखल दिसला, आणि घाबरून पुढचा ब्रेक आवळला. पुढचे चाक पायाखालचे पाट ओढून घ्यावा तसे निघून गेले. दोनशे किलोंची गाडी आणि मी, दोघे आडवे. खांद्याचे हाड मोडले. डोके वाचले ते हेल्मेटमुळे. त्यावरची खरवड अजून मी वर्गात दाखवतो. गाडीचा दोष नव्हता. सूत्र डोक्याला येत होते, हाताला येत नव्हते, एवढाच प्रकार.

"पण सर, गाडीला एबीएस आहे की!" असे मुले म्हणतात. एप्रिल २०१९ पासून १२५ सी.सी.वरच्या प्रत्येक नव्या गाडीला ते सक्तीचे झाले, आणि ते झाले हे फार चांगले झाले. जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊन घसरू नये, म्हणून ते क्षणाक्षणाला ब्रेक सोडते आणि धरते. सरळ रस्त्यावर त्याने पुष्कळ जीव वाचतात. पण वळणात झुकलेल्या गाडीखाली चिखल असेल तर ते तरी काय करणार? ते चाक जाम होऊ देत नाही; रस्त्यावर नसलेली पकड मात्र त्याला आणता येत नाही.

आता पैशाचे बोलू. दुकानातली किंमत हा पहिला हप्ता समजा. इथे ३५० हा आकडा पाठ करून ठेवण्यासारखा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सी.सी.पर्यंतच्या दुचाकीवर जीएसटी १८ टक्के, आणि त्याच्या वर ४० टक्के झाला. निन्जा ३०० रेघेच्या अलीकडे, ३९० आणि ६५० पलीकडे. विम्यातही हीच रेघ आहे. जून २०२२ च्या दरपत्रकात तिऱ्हाइताच्या नुकसानीचा सक्तीचा विमा १५० ते ३५० सी.सी.ला वर्षाला १,३६६ रुपये होता, तर ३५० च्या वर २,८०४ रुपये; दुपटीहून जास्त. शिवाय नवी गाडी घेताना हा विमा पाच वर्षांचा एकदम काढावा लागतो. आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा निराळा.

मग रोजची देखभाल. साध्या गाडीची साखळी झाकलेली असते; हिची उघडी. दर पाचशे-सातशे किलोमीटरला ती पुसून तेल द्यावे लागते, पावसाळ्यात त्याहून लवकर. टायर रुंद आणि मऊ. पकड छान, पण झिजतात लवकर, आणि त्यांची किंमत ऐकून साध्या गाडीचा मालक दचकतो. पंक्चरचा विचार खेड्यात राहणाऱ्याने आधी करावा. आरसी आणि निन्जाची चाके विनाट्यूबची. रस्त्याकडेला बसूनही भोकात पट्टी खुपसून काम भागते. जीटीच्या मूळच्या २०१८ च्या गाडीला तारांची चाके आणि आत ट्यूब. म्हणजे चाक उतरवणे आले, आणि ते काम स्टँडवरच्या पंक्चरवाल्याने पूर्वी केलेले असेलच असे नाही. मी स्वतः ते शिकून घेतले. माझ्या गाडीला लिटरमागे पंचवीस किलोमीटर मिळतात. टाकी साडेबारा लिटरची. म्हणजे एका टाकीत तीनशे किलोमीटर. शंभर सी.सी.ची गाडी याच्या दुपटीहून जास्त देते. रोज दूध घालायला किंवा मळ्यात जायला ही गाडी नव्हे. घरात दुसरी साधी गाडी राहणारच, हे धरून हिशेब करा.

तर मग ही गाडी घ्यावीच का? मला विचाराल तर, होय, जरूर घ्यावी. पण पायरी चढून. इथे युरोपातली एक पद्धत सांगण्यासारखी आहे. जानेवारी २०१३ पासून तिकडे मोटारसायकलच्या परवान्याच्या पायऱ्या एकसारख्या केल्या गेल्या. सोळाव्या वर्षी मिळतो तो १२५ सी.सी.पर्यंतचा आणि ११ किलोवॅटचा. अठराव्या वर्षी मधला, ३५ किलोवॅटपर्यंतचा. दोन वर्षे तो वापरल्यावर मग मोठ्या गाडीचा. सोळा-अठराची वये देशोदेशी थोडी मागेपुढे होतात. ३५ किलोवॅट म्हणजे साडेसत्तेचाळीस अश्वशक्ती. तुमच्या लक्षात आले असेल, जीटीची ताकद नेमकी तेवढीच आहे! आपण ज्यांची तुलना केली त्या तिन्ही गाड्या तिकडे मधल्या पायरीवर बसतात. पहिल्या पायरीवर नव्हे.

आपल्याकडे अठरा पूर्ण झालेल्या मुलाला गिअरच्या दुचाकीचा परवाना मिळाला की तो शंभर सी.सी.ची गाडी चालवू शकतो आणि साडेसहाशेचीही. आठ अश्वशक्तीवरून एका दुपारीत त्रेचाळीसवर! ताकद पाचपट, आणि गाडीचे वजन दीडपट. जी पायरी कायद्याने बांधली नाही, ती घराने बांधावी. आधी वर्ष-दीड वर्ष दीडशे सी.सी.ची गाडी, तीत एक पावसाळा आणि एक उसाचा हंगाम आलाच पाहिजे. या काळात रिकाम्या मैदानावर जोराने ब्रेक दाबण्याचा सराव: आधी वीसने, मग तीसने, मग चाळीसने. दोन्ही ब्रेक एकदम, पुढचा हळूहळू आवळत. हा सराव कोणी करत नाही, आणि गरज पडते तेव्हा नेमका हाच हाताशी नसतो. हेल्मेट चांगले, हनुवटीखाली पट्टा बांधलेले. हातमोजे आणि घोट्यावर येणारे बूट. यांचे पैसे गाडीच्या पैशांतून आधी बाजूला काढायचे. उरलेल्यात गाडी बसत नसेल तर गाडी लहान घ्यायची. हेल्मेट लहान करायचे नाही.

आणि गाडी निवडताना 'किती पळते?' हा प्रश्न शेवटी ठेवावा. आधी हे विचारावे: माझा रस्ता कोणता? घाट, बाजार, की महामार्ग? माझ्या उंचीला पाय टेकतात का? उतारावर ती एकट्याने मागे ढकलता येते का? तिचा पीळ कोणत्या फेऱ्यांना येतो? पंक्चर कोण काढील? जवळचे दुरुस्तीचे ठिकाण किती लांब? मी आज शिकणाऱ्याला या तिघींतली निवड करून देणार असेन, तर सौम्य स्वभावाची आणि रेघेच्या अलीकडची निन्जा सांगेन. लांबच्या प्रवासाला आणि चढाला जीटी. आणि ज्याचा हात खरोखर बसला आहे, ज्याला वळणांची आवड आहे, त्याला आरसी. पण हे माझे मत; मनगट ज्याचे त्याचे.

राजदूत ३५० ची गोष्ट लक्षात ठेवा म्हणालो होतो ती यासाठी. त्या गाडीला ताकदीच्या मानाने ब्रेक कमी पडले. आजच्या गाड्यांना ब्रेक भरपूर आहेत. आता कमी पडतो तो आपला सराव. गाडीची उणीव कारखान्याने भरून काढली. आपली आपणच भरायची.

त्या मुलाने अजून गाडी घेतलेली नाही. बिलाचे पैसे त्याच्या आईने सोसायटीचे देणे फेडून उरले ते बँकेत ठेवले. तो सध्या मामाची दीडशे सी.सी.ची गाडी चालवतो. दर पंधरा दिवसांनी शाळेच्या मैदानावर जातो, तीसने येतो, रेघेवर ब्रेक दाबतो आणि टेपने मोजतो. आकडे एका वहीत लिहिलेले आहेत. पहिल्या पानावरचे आणि परवाचे यांत साडेतीन मीटरांचा फरक आहे. वही मला दाखवायला आला तेव्हा म्हणाला, "सर, आई म्हणते, पावसाळा जाऊ दे. मग तीच येणार आहे दुकानात." मी त्याला म्हणालो, आईला तुझ्या मागे बसवून बघ आधी.

माउलींच्या प्रश्नाचे उत्तर मी द्यायचेच राहिले, असे आता लिहिताना लक्षात येते. त्यांनीही ते पुन्हा विचारले नाही.